सुगिमानच्या झोपेचं खोबरं

पाक सुगिमान (तिकडे वडीलधाऱ्या पुरुषाला पाक म्हणतात, बाईला बू) पाटबंधारे कचेरीतून निवृत्त झाले तेव्हा सहकाऱ्यांनी त्यांना भिंतीवरचं एक घड्याळ दिलं. ते त्यांनी कौतुकानं बिछान्याच्या समोरच टांगलं. पहिले तीन महिने बरे गेले. चौथ्या महिन्यात एका रात्री त्यांनी त्या घड्याळात दीड वाजलेला पाहिला, मग अडीच वाजलेलेही पाहिले. पहाटे ते स्वयंपाकघरात आले आणि बायकोला गंभीरपणे म्हणाले, "बू, माझी झोप गेली."

"जाऊन जाऊन कुठं जातेय? उशीखाली बघा," बू मुरतिनी म्हणाल्या आणि कढईत तेंपेच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, चकत्या सोडत राहिल्या.

त्यांना थट्टा सुचत होती, कारण त्यांच्या स्वतःच्या झोपेच्या वाटेला आजवर कुणी गेलं नव्हतं. पहाटे साडेपाचला गल्लीच्या तोंडाशी त्यांचं टेबल लागे. धणे-लसणाच्या पिठात बुडवून तळलेले तेंपे, तळलेली केळी आणि वाटीभर हिरव्या मिरच्या. त्यासाठी त्या तीनला उठत. रात्री साडेआठला भांडी पालथी घातली, अंबाड्यातली पिन काढून ओठांत धरली आणि उशीला डोकं टेकलं, की गेल्या. कित्येकदा पिन ओठांतच राही आणि पाक सुगिमान ती हळूच काढून घेत. मग उपाशी माणसानं शेजारच्या पंगतीकडे बघावं, तसे ते बायकोच्या झोपेकडे बघत पडत.

माणूस तसा वाईट नव्हता. फक्त एकतीस वर्षं त्यानं कुठल्या भातखाचराला किती तास पाणी सोडायचं याचे तक्ते आखले होते. त्यामुळे ज्या गोष्टीला रकाना नाही ती जगात घडूच शकत नाही, असं त्याचं पक्कं मत झालं होतं. मुलीचं नाव ठेवतानासुद्धा त्यांनी बारा नावांचा तक्ता केला होता आणि प्रत्येक नावापुढे गुण मांडले होते. निवृत्तीनंतर गल्लीनं त्यांना आर्टी केलं, म्हणजे चाळीस घरांचा कारभारी. त्यांच्याविरुद्ध कुणी उभंच राहिलं नाही. शिवाय गल्लीत स्वतःचा स्टेपलर असलेला माणूस तो एकच होता.

झोप गेल्यावर ते आधी आरोग्य केंद्रात गेले. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, डोळ्यांत बॅटरी मारली.

"पाक, तुम्हाला काहीसुद्धा झालेलं नाही. दिवसभर काय करता?"

"निवृत्त आहे."

"हो, पण करता काय?"

पाक सुगिमान यांना हा प्रश्न उद्धट वाटला. "गल्लीचा आर्टी आहे मी," ते म्हणाले आणि छत्री उचलून निघाले.

मग त्यांनी मुलीला फोन लावला. निंग्रुम सुराबायात एका विमा कंपनीत होती. आईला फोन लावला की ती आधी रडायची आणि मग हसायची. वडिलांशी बोलताना मात्र ती साहेबासारखी बोलत असे, कारण त्यांना तेच आवडे.

"पाक, मोठ्या शहरात झोपेची एक शिस्तच असते. मी पाठवते तुम्हाला. नऊ पायऱ्या आहेत."

"नऊ?" पाक सुगिमान उठून बसले. कितीतरी आठवड्यांनी त्यांच्या आवाजात जीव आला होता. "क्रमवार आहेत ना?"

क्रमवार होत्या. सूर्य मावळल्यावर चहा-कॉफी नाही. सातला फोन बंद करून दुसऱ्या खोलीत ठेवायचा. कोमट मिठाच्या पाण्यात पंधरा मिनिटं पाय. आल्याचा गरम काढा. हलके व्यायाम. अंधुक दिवा. दिवसभरात घडलेल्या तीन चांगल्या गोष्टी वहीत लिहायच्या. चार मोजत श्वास आत घ्यायचा, सात मोजत धरायचा, आठ मोजत सोडायचा. आणि शेवटी मन कोरं करायचं.

पाक सुगिमान यांनी त्याच दुपारी पाठकोरी नोंदवही आणली आणि पट्टीनं रकाने पाडले. विधी, सुरू केल्याची वेळ, संपल्याची वेळ, शेरा. 'मन कोरं करणे' याच्या शेऱ्याचा रकाना त्यांनी जरा रुंद ठेवला.

पहिल्याच रात्री अडचणी आल्या. पाणी कोमट होईपर्यंत काढा निवला, काढा परत तापवेपर्यंत पाय थंड पडले. अंधुक दिव्यात चांगल्या गोष्टी लिहायला चष्मा लागला, आणि चष्मा फोनजवळ, दुसऱ्या खोलीत. शेवटी वहीत त्यांनी लिहिलं: 'एक, नळाला पाणी आलं. दोन, समोरच्या जुमादीचा पक्षी दुपारभर गप्प होता. तीन, आठवत नाही. उद्या चार लिहून भरपाई करावी.' श्वास सातापर्यंत धरताना मध्येच शंका आली, की आपण पाच दोनदा मोजला काय? नियमाप्रमाणे त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. असं अकरा वेळा झालं. मन कोरं करायला घेतलं तेव्हा घड्याळात पावणेबारा झाले होते. मनात एकच विचार होता, की ही वेळ 'संपल्याची वेळ' या रकान्यात आत्ता लिहावी की झोप लागल्यावर.

सकाळी बू मुरतिनींनी विचारलं, "लागली का?"

"पद्धत बरोबर आहे," पाक सुगिमान लाल डोळ्यांनी म्हणाले. "अंमलबजावणीत कसूर झाली."

तीन आठवडे अंमलबजावणी सुधारत गेली आणि झोप बिघडत गेली. पूर्वी रात्री त्यांना नुसती झोप येत नसे. आता दुपारी चारपासूनच छातीत धडधडू लागे, की आज संध्याकाळी सगळं वेळेत जमेल ना! एवढ्यात वॉर्ड कचेरीचं पत्रक आलं आणि त्यांना वाटलं, आपल्या दुःखाला वरूनच वाचा फुटली.

पत्रक होतं 'सुखनिद्रा वस्ती स्पर्धे'चं. वॉर्डातल्या गल्ल्यांपैकी जिथले लोक सर्वांत शास्त्रशुद्ध रीतीनं झोपतील, त्या गल्लीला पिण्याच्या पाण्याचं यंत्र आणि चौकटीतलं प्रशस्तिपत्र मिळणार होतं. गाद्यांच्या एका दुकानदारानं पहिल्या तीन गल्ल्यांना उशाही जाहीर केल्या होत्या.

पहारा चौकीच्या ओट्यावर चटया टाकून सभा भरली. शेंगदाणे आले, चहा आला. सूर्य मावळलेला होता, म्हणून पाक सुगिमान यांनी चहा परत पाठवला. सभेचा निम्मा उत्साह तिथंच मावळला.

"आजपासून," ते उभे राहून म्हणाले, "गल्लीत नऊला दिवे बंद. त्याआधी प्रत्येक घरात पाय धुणं, काढा, व्यायाम, वही, श्वास. तक्ते मी छापून आणलेत. घरटी एक. झोप लागल्याची वेळ ज्यानं त्यानं स्वतः लिहायची."

पाक जुमादी मागं बसले होते. पूर्वी ते बस चालवत. आता कवड्या जातीचे गाणारे पक्षी पाळत आणि त्यांच्याच नादात असत. त्यांनी हात वर केला. "झोप लागल्यावर लिहायचं कसं?"

"लागता लागता लिहायचं."

"आणि लिहिता लिहिता जागा झालो तर?"

"तर शेऱ्यात लिहा."

बू लस्मी यांचा भाताच्या पुड्यांचा गाडा रात्री नऊलाच सुरू होई आणि दोनला बंद होई. त्या म्हणाल्या, "पाक आर्टी, मी नऊला झोपले तर रात्रीच्या रिक्षावाल्यांना भात कोण घालणार?"

"तेही झोपतील."

"त्यांची गल्ली वेगळी आहे हो. तिथं स्पर्धा नाही."

कापड गिरणीत रात्रपाळीला जाणाऱ्या तारनोनं विचारलं, "मी दिवसा झोपतो. मला तक्ता कुठल्या रंगाचा?"

सभा हसली. पाक सुगिमान हसले नाहीत. त्यांनी खरंच थोडा विचार केला आणि म्हणाले, "तुझ्यासाठी पिवळा छापून आणतो."

त्यांनी तो आणलाही.

पहिल्या रात्री बरोबर नऊला चौकीवरचा कर्णा किंचाळला. आधी लांब शिट्टी, मग खरखर, मग पाक सुगिमान यांचा आवाज चाळीसच्या चाळीस घरांत घुसला: "बंधुभगिनींनो, शांत व्हा! अंग सैल सोडा! कपाळ सैल सोडा! जबडा सैल सोडा!" झोपी गेलेली तान्ही पोरं दचकून उठली. जुमादींचे पक्षी पिंजऱ्यांत थडाथड आदळले. साडेनऊला पाक सुगिमान स्वतः बॅटरी घेऊन फेरीला निघाले. प्रत्येक दारावर टकटक करायचे आणि हलक्या आवाजात विचारायचे, "झोपलात का?"

"झोपलो होतो," आतून उत्तर यायचं.

"छान. किती वाजता?"

पहाऱ्यावरची मंडळी दर तासाला पोकळ बांबू ठोकून 'सगळं ठीक आहे' असं कळवत, ही जुनीच रीत. ती मोडता येईना, म्हणून पाक सुगिमान यांनी टोल्यासोबत 'निवांत झोपा' असं मोठ्यानं म्हणायची भर घातली. पहाऱ्याला बसणाऱ्यांत जुमादी होते, आणि बस चालवलेल्या माणसाचा गळा कसा असतो ते सांगायला नको. एकला, दोनला, तीनला गल्लीभर "निवांत झोपा!" असा टाहो फुटे आणि घराघरांतून शिव्या ऐकू येत.

दहा दिवसांत गल्लीचे डोळे पाक सुगिमान यांच्यासारखे झाले. शाळामास्तर फळ्याला टेकून पेंगले. गल्लीतल्या न्हाव्यानं एका गिऱ्हाइकाची एक भुवई पार उतरवली आणि मग, दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून, दुसरीही. लोक कुजबुजू लागले, की पाक आर्टींचा रोग सांसर्गिक आहे. पण तोंडावर कुणी बोलेना. आर्टीच्या शिक्क्याशिवाय कुठलाही दाखला मिळत नाही.

बोलल्या त्या बू मुरतिनी.

सर्वांत मोठा घाव त्यांच्यावरच पडला होता. कारभाऱ्याच्या घरातच तक्ता कोरा राहिला तर गल्लीनं काय धडा घ्यायचा, या विचारानं पाक सुगिमान यांनी बायकोला साडेआठला झोपायची बंदी केली. आधी पाय बुडव. काढा घे. लिही.

"काय लिहू?"

"आज घडलेल्या तीन चांगल्या गोष्टी."

"मला आता झोप येतेय ही एकच चांगली गोष्ट आहे. तीही तुम्ही घडू देत नाही आहात."

"श्वास धर. सातापर्यंत."

"पाक, मी श्वास धरला तर कायमचा धरीन हां!"

असे साडेदहा होत, आणि तिनाचा गजर काही कुणासाठी थांबत नसे. पहिल्या आठवड्यात त्यांचे तेंपे एका बाजूनं करपले. दुसऱ्या आठवड्यात एका पहाटे पिठात मिठाऐवजी साखर गेली. बाजारातले हमाल दोन दोन चकत्या तोंडात टाकून एकमेकांकडे बघू लागले. पंचवीस वर्षांत त्या टेबलावरून कुणी अर्धा खाल्लेला तेंपे ठेवून गेलं नव्हतं. त्या दिवशी सात जण गेले. बू मुरतिनींनी ते सात तुकडे एका पानावर गोळा केले, घरी आणले आणि नोंदवहीच्या उघड्या पानावर ठेवले.

"हे माझ्या शेऱ्यात चिकटवा," त्या म्हणाल्या. मग आतून पिशवी घेऊन बाहेर आल्या. पिशवीत कपड्यांऐवजी एक उशी होती.

"कुठं निघालीस?"

"बहिणीकडे. झोपायला."

"अगं, परवा परीक्षक येणार आहेत! आर्टीचीच बायको घरात नाही म्हणजे…"

"त्यांना सांगा, ती शास्त्र सोडून पळाली." दारात त्या थांबल्या. आवाज थोडा उतरला. "तुमची झोप गेली तेव्हा मला वाईट वाटलं होतं हो. मी थट्टा केली, पण वाईट वाटलं होतं. माझ्या झोपेतली अर्धी देता आली असती तर दिली असती. पण तुम्ही ती मागितलीच नाही. जप्तच केली."

रिक्षा गल्लीतून वळेपर्यंत पाक सुगिमान दारात उभे होते. समोर पिंजरे पुसत असलेल्या जुमादींनी विचारलं, "बू निघाल्या वाटतं?"

"बहिणीकडे कार्य आहे," पाक सुगिमान म्हणाले.

"उशी घेऊन?"

"मोठं कार्य आहे."

त्या रात्री त्यांनी नऊही पायऱ्या केल्या. घरात शांतता होती, अगदी पत्रकात लिहिली असेल तशी. पहाटे तीनला बायकोचा गजर वाजला, तो बंद करायचा राहून गेला होता. पाक सुगिमान जागेच होते. त्यांनी गजर बंद केला आणि अंधारात बसून विचार केला. साडेपाचला गिऱ्हाइकं येतील. टेबल रिकामं दिसेल. ती विचारतील, बू कुठं? सहा वाजेपर्यंत बाजारात बातमी जाईल, की झोपेच्या आर्टीला बायको झोपेपायी सोडून गेली. बायको गेल्याचं दुःख होतंच. पण खरं सांगायचं तर, त्यांना उठवलं ते अब्रूनं.

त्यांनी शेगडी पेटवली.

पीठ कालवायला सोपं असतं, असा त्यांचा पंचवीस वर्षं बाहेरून बघून समज झाला होता. पहिल्या पिठात गुठळ्या झाल्या, दुसरं पाण्यासारखं पातळ झालं. दोन्ही एकत्र केली तेव्हा बरं जमलं, पण इतकं झालं की बादली लागली. तेंपेच्या चकत्या एकसारख्या याव्यात म्हणून त्यांनी पट्टी घेतली, आणि पहिल्या दहा चकत्या खरोखर सुंदर आल्या. तोवर पाच वाजून गेले. मग पट्टी फेकून त्यांनी मिळेल तशा कापल्या. तेल उडून मनगटावर तीन फोड आले.

"आज बू नाहीत?" पहिला हमाल म्हणाला.

"बहिणीकडे कार्य आहे. घे, गरम आहे."

हमालानं एक चावा घेतला, बराच वेळ चावलं आणि म्हणाला, "पाक, हा तेंपे आहे की चपलेचा तळवा?"

"फुकट घे मग."

"फुकट देताय? मग चार द्या. चप्पलच शिवतो."

हशा झाला. आश्चर्य असं, की पाक सुगिमान यांनाही हसू आलं. नऊला टेबल आवरून ते घरी आले, तर कढई, झारा, बादली, पिठाची फरशी, सगळं त्यांच्याकडे बघत होतं. ते घासून झालं. मग बाजार, केळीचा घड खांद्यावर, तेलाचा डबा हातात. मग लसूण सोलणं. एवढ्या गड्ड्यांचा लसूण सोलायला किती वेळ लागतो याचा कुठलाही तक्ता त्यांच्याकडे नव्हता. संध्याकाळी सात कधी वाजले ते कळलंच नाही. त्यांनी पाय बुडवले, काढा केला, वही उघडली. वहीत लिहिलं, 'एक, केळी चांगली मिळाली.' पेन हातात तसंच राहिलं आणि पाक सुगिमान दहा मिनिटं, बहुधा पंधरा, बसल्या बसल्या पेंगले. जागे झाले तेव्हा चिडले. क्रम मोडला होता. मग त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली आणि पुन्हा पहाटेपर्यंत जागे राहिले.

दुसऱ्या दिवशी तेंपे जरा सुधारले. हमाल म्हणाला, "आज तळवा नाही, आज नुसता पट्टा आहे." तारनो रात्रपाळीवरून परतताना टेबलाशी थांबला. पाक आर्टींच्या मनगटाचे फोड बघून तो त्यांच्या हातातला झारा घेऊन तळू लागला. "तुम्ही पैसे घ्या. तेल माझ्याकडे. गिरणीत याहून गरम असतं."

परीक्षक यायचे होते त्याच दिवशी. दुपारी चारला पाक सुगिमान यांनी गल्लीला शेवटच्या सूचना दिल्या. साडेसातला सर्वांनी आपापल्या ओट्यावर बादलीत पाय घालून बसायचं, परीक्षक दिसले की काढ्याचा घोट घ्यायचा, वह्या डाव्या हाताला. मग ते घरी आले. अजून तीन तास होते. दुसऱ्या दिवशीची केळी सोलून ठेवावी म्हणून बसले. मनगट दुखत होतं. बायकोला फोन करावा की नाही, असं करत त्यांनी फोन हातात घेतला, नंबर काढला, कॉफीचा एक घोट घेतला, टीव्ही लावला…

साडेसातला परीक्षक आले. वॉर्ड कचेरीतले एक लठ्ठ गृहस्थ, आरोग्य केंद्रातल्या त्याच तरुण डॉक्टरीणबाई आणि गाद्यांचा दुकानदार. गल्लीत दोन्हीकडे ओळीनं माणसं बादल्यांत पाय घालून बसली होती. पूर आल्यावर लोक घराच्या उंबऱ्यांवर बसतात, तसं ते दृश्य होतं.

"आर्टी कुठं आहेत?" लठ्ठ गृहस्थांनी विचारलं.

कुणालाच ठाऊक नव्हतं. बादल्यांतून पाय काढून, ओल्या पावलांनी, गल्ली परीक्षकांमागून पाक सुगिमान यांच्या घराकडे गेली. दार उघडं होतं. दिवा भगभगत होता. टीव्हीवर कुणीतरी तावातावानं भांडत होतं. वेताच्या खुर्चीत पाक सुगिमान मान मागं टाकून पडले होते. कानात पीठ, पोटावर अर्धं सोललेलं केळं, हातात चालू फोन, शेजारी कॉफीचा ग्लास, पाय न धुतलेले. आणि ते घोरत होते. वायांगच्या छायाबाहुल्यांच्या खेळात कुंभकर्णाला उठवायला पलटण जाते, त्या वेळचा ढोल आठवावा असं घोरणं.

मागच्यांनी पुढच्यांच्या खांद्यांवरून माना उंचावल्या.

"फोन हातात," लठ्ठ गृहस्थांनी तक्त्यावर पेन ठेवलं. "शून्य. कॉफी, शून्य. दिवा, शून्य. पाय…" त्यांनी वाकून पाहिलं. "शून्य."

"पण झोप?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "झोपेला किती देणार?"

लठ्ठ गृहस्थांनी तक्ता वरपासून खालपर्यंत पाहिला. उलटून पाहिला. "झोपेला रकानाच नाही," ते म्हणाले. "पूर्वतयारीचे नव्वद गुण आहेत आणि दहा स्वच्छतेचे."

"आणि गादीवर नाहीत," दुकानदार कुरकुरला. "वेताच्या खुर्चीवर आहेत. हे काय उदाहरण झालं?"

"उठवू का?" असं म्हणत लठ्ठ गृहस्थांनी हात पुढं केला, तेवढ्यात जुमादी मध्ये आले. एरवी टाहो फोडणाऱ्या त्या माणसाचा इतका बारीक आवाज गल्लीनं कधी ऐकला नव्हता. "साहेब, चार महिन्यांनी लागलीय. गुण घ्या, पण झोप ठेवा."

बू लस्मींनी आत जाऊन टीव्ही बंद केला. तारनोनं पोटावरचं केळं उचललं आणि दिवा मालवला. मग सगळी गल्ली चवड्यांवर चालत घरी गेली. त्या रात्री कर्णा वाजला नाही, कुणी 'झोपलात का' विचारलं नाही. पहाऱ्यावर बांबू ठोकला गेला, पण जुमादींनी त्याला फडकं गुंडाळलं होतं. चाळीस घरं मुकाट झोपली. वह्या कोऱ्या राहिल्या.

निकाल चार दिवसांनी लागला. सोळा गल्ल्यांत त्यांची गल्ली पंधरावी आली. शेऱ्यात लिहिलं होतं: 'कारभाऱ्यांनी कोणतीही पूर्वतयारी न करता झोप घेतली. गंभीर बाब.' पहिली आलेली गल्ली कालव्यापलीकडची. तिथल्या लोकांनी एकसारखे पायजमे शिवून, काखेत उशा घेऊन, तालात संचलन केलं होतं आणि शांत झोपेवर स्वतः रचलेलं गाणं ढोलकीवर म्हटलं होतं. म्हणे, बक्षीस जाहीर झाल्यावर त्यांचा जल्लोष पहाटेपर्यंत चालला.

पण बू मुरतिनी निकालाची वाट बघत बसल्या नव्हत्या. परीक्षक येऊन गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्या परतल्या. जुमादींनी बहिणीकडे निरोप धाडला होता, 'पाक आर्टी झोपले आहेत,' एवढाच. तो ऐकून, कायमचेच झोपले की काय, म्हणून त्या आधी घाबरल्या आणि रिक्षात बसल्यावर पूर्ण अर्थ कळला. घरी पोचल्या तर पाक सुगिमान स्वयंपाकघरात जमिनीवर बसून लसूण सोलत होते. बायकोला पाहून ते उठायला गेले, पण मांडीवर सालं होती.

"आलीस?"

"आले. झोपलात म्हणे."

"साडेसातच्याही आधीपासून. थेट तिनापर्यंत." मग त्यांनी हिंमत करून विचारलं, "आणि तू?"

"पहिले दोन दिवस मेल्यासारखी झोपले. तिसऱ्या दिवशी तिनाला आपोआप उठले. बहिणीकडे तिनाला उठून करायचं काय? तिच्या कोंबड्या मोजल्या." त्यांनी पिशवीतून उशी काढली आणि लसणाच्या ढिगाकडे पाहिलं. "हे इतकं सोललंत कुणासाठी? वर्षभराचं?"

"अंदाज चुकला."

"पीठ दाखवा."

त्यांनी पीठ दाखवलं. बू मुरतिनींनी बोट बुडवून चाटलं, डोळे बारीक केले. "धणे जास्त झालेत."

"गिऱ्हाइकांना आवडतात."

"कुठल्या गिऱ्हाइकांना?"

"हमालांना. विचार त्यांना. आज म्हणाले, आता खाता येतं."

"पंचवीस वर्षं मी घातलेले धणे खाऊन त्यांची हाडं झाली. तुमच्या तीन दिवसांच्या तळणीवर ते मत द्यायला लागले होय?"

तेव्हापासून दोघं तीनला उठतात. पाक सुगिमान कापतात, बू मुरतिनी तळतात. रात्री जेवून भांडी पालथी पडली की धण्यांवरून भांडण सुरू होतं. चमचा सपाट असावा की शिगोशीग, धणे भाजून घ्यावेत की कच्चे. अजून काही रात्री पाक सुगिमान यांना झोप येत नाही. त्या रात्री ते सरळ उठून सोयाबीन भिजत घालतात किंवा नुसते पडून राहतात. पण बहुतेक रात्री धण्यांचं भांडण साडेआठपर्यंत पोचतं आणि मध्येच दोघांपैकी एकाचं उत्तर येत नाही. दुसरं थोडा वेळ वाट बघतं, मग तेही गप्प होतं. आधी कोण गप्प होतं, हे सकाळी दोघांनाही सांगता येत नाही. त्यामुळे पिठात नेमके किती धणे घालायचे, हे त्या घरात अजून ठरायचंच आहे.